रिकामे आसन, भरलेली जागा : आद्य बौद्ध शिल्पातील चिन्हव्यवस्थेचा पुनर्विचार

१

भारहुतच्या कठड्यांवर आणि सांचीच्या तोरणांवर बुद्धाचे चरित्र कोरलेले आहे. पण त्या चरित्रात बुद्धाची आकृती नाही. जिथे तो असायला हवा तिथे वृक्ष आहे, आसन आहे, चक्र आहे, पादुकांचे ठसे आहेत, स्तूप आहे किंवा नुसते एक छत्र आहे. भोवती राजे, नाग, यक्ष, देव, स्त्रिया, हत्ती, माकडे यांची दाटी आहे. ज्याच्यासाठी ही सारी दाटी जमली तो मात्र नाही. बौद्ध कलेच्या आधुनिक अभ्यासाला जवळजवळ प्रारंभापासून या एका प्रश्नाने व्यापले आहे. प्रश्न शिल्पकलेचा मानला गेला असला तरी त्याचे मूळ चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधात आहे. म्हणूनच तो साहित्यमीमांसेचाही प्रश्न ठरतो. न दाखवलेल्या वस्तूचा अर्थ कसा लागतो, आणि तो 'अभावाचा' अर्थ असतो की 'भावाचा', हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर कोशासारखे आहे : कमळ म्हणजे जन्म, वृक्ष म्हणजे बोधी, चक्र म्हणजे पहिले प्रवचन, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. संग्रहालयातील पाट्यांपासून शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत हीच यादी आढळते. या यादीत चूक अशी काही नाही. पण ती वाचनाचा शेवट करते. एकदा 'चक्र म्हणजे धम्म' असे म्हटले की चक्राकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. चिन्ह हे कोणत्या तरी अनुपस्थित मूळ वस्तूचे बदली रूप आहे, मूळ वस्तू मिळाली की बदलीचे काम संपले, असे या वाचनाचे अव्यक्त गृहीतक असते. मराठी समीक्षेत 'प्रतीक' या संज्ञेचा वापरही पुष्कळदा याच पद्धतीने झालेला दिसतो. आद्य बौद्ध शिल्प हे गृहीतक मान्य करीत नाही. ते कसे, हे पाहण्यासाठी आधी या शिल्पाविषयी मांडल्या गेलेल्या उपपत्तींचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे.

२

पहिली उपपत्ती अल्फ्रेड फूशे यांची. बुद्धाच्या जीवनातील चार महत्त्वाच्या स्थळी जाणारे यात्रेकरू तिथली आठवण म्हणून साध्या खुणा नेत असत. शिल्पकारांनी पुढे मोठी चरित्रशिल्पे घडवताना त्याच खुणांची सवय चालू ठेवली. आणि ही सवय अखेर गांधारात, ग्रीक कलेच्या संपर्कातून मानवी मूर्ती घडली तेव्हा मोडली, असे या मांडणीचे सूत्र आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ मध्ये बुद्धमूर्तीच्या उगमावर लिहिताना या मांडणीच्या उत्तरार्धावर आघात केला आणि मथुरेची मूर्ती यक्षमूर्तींच्या देशी परंपरेतून आली असे दाखवले. त्यानंतर दीर्घकाळ हा वाद 'मूर्ती प्रथम कोणी घडवली' या प्रश्नाभोवती फिरत राहिला. त्या वादाला वसाहतकालीन राजकारणाचे आणि राष्ट्रीय अस्मितेचे पदर होते, आणि ते समजण्यासारखेही होते. पण त्यामुळे एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. मूर्तीच्या आधीचा काळ हा मूर्तीची वाट पाहणारा, अपुरा काळ आहे, असे दोन्ही पक्षांच्या वाचकांनी जवळजवळ गृहीतच धरले.

दुसरी उपपत्ती तत्त्वज्ञानाच्या अंगाने येते. निर्वाणाप्रत गेलेल्याला मोजता येत नाही, त्याच्याविषयी बोलण्याचे सारे मार्ग खुंटतात, असा आशय सुत्तनिपातातील उपसीवाच्या संवादात आहे. मग अशाची आकृती कशी कोरावी? ही उपपत्ती आकर्षक आहे, पण शिल्पासमोर ती टिकत नाही. सांचीच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाचे गृहत्याग-प्रसंगातील शरीरही कोरलेले नाही. त्या रात्री तो राजपुत्र होता. बोधी अजून दूर होती. जो अद्याप बुद्ध झालेला नाही त्याच्या अनाकृतीचे समर्थन निर्वाणाच्या अवर्णनीयतेवरून करता येत नाही. उलट जातकांतील बोधिसत्त्व, पश्चिम तोरणावरील वानरराज असो की उत्तर तोरणावरील दानशूर वेस्संतर, नि:संकोचपणे सगुण-साकार आहे. म्हणजे शिल्पकारांना असामर्थ्य नव्हते, सरसकट मनाईही नव्हती. अनाकृतीचा नियम फक्त अंतिम जन्माला लागू होता.

तिसरी भूमिका सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये जोरकसपणे मांडली. त्यांच्या मते या शिल्पांपैकी पुष्कळ शिल्पे बुद्धाच्या चरित्रातील प्रसंगांची नाहीतच. नंतरच्या काळात भाविक त्या त्या पवित्र स्थळी जाऊन पूजा करीत, त्या पूजेची ती चित्रणे आहेत. वृक्ष हा वृक्षच आहे, आसन हे आसनच. ते कोणाचीही जागा घेत नाहीत. त्यामुळे 'अनुपस्थिती'चा प्रश्नच उद्भवत नाही. विद्या देहेजिया यांनी १९९१ मध्ये या भूमिकेला उत्तर देताना चिन्हांच्या बहुअर्थसूचकतेचा मुद्दा पुढे केला : एकच चिन्ह कधी बुद्धाची व्यक्ती, कधी तीर्थस्थळ, तर कधी श्रद्धेचे लक्षण म्हणून येते, आणि संदर्भानुसार यांतील एकाहून अधिक अर्थ एकाच वेळी संभवतात. हंटिंग्टन यांनी १९९२ मध्ये पुन्हा आपली बाजू मांडली.

या वादाचे मोल मोठे आहे. हंटिंग्टन यांनी एक जुनी वाईट सवय मोडली. दिसेल त्या वृक्षाला 'हा बुद्ध' म्हणून मोकळे होण्याची ती सवय होती. देहेजियांनी अर्थाची एकेरी कल्पना मोडली. पण बहुअर्थसूचकता ही निरीक्षणाची नोंद आहे, स्पष्टीकरण नव्हे. एकाच आसनाला तीन अर्थ का सामावता येतात, त्या तिन्हींना एकत्र बांधणारा धागा कोणता, हे तिच्याने सांगून होत नाही. तो धागा शोधायचा तर प्रत्यक्ष शिल्पांकडे परत जावे लागते.

३

भारहुतचे शिल्प या कामी विशेष उपयुक्त आहे. कारण त्यावर ब्राह्मी लिपीतील नामलेख आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये हा स्तूप सापडला आणि त्याचे कठडे पुढे कलकत्त्याच्या संग्रहालयात नेण्यात आले. या नामलेखांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. काही लेखांत 'भगवतो' हे रूप नामाशी जोडलेले आहे : अमुक बुद्धाचा बोधिवृक्ष. शाक्यमुनीपूर्वीच्या बुद्धांचे वृक्ष तेथे वेगवेगळ्या जातींचे, पाने ओळखू यावीत इतक्या काळजीने कोरलेले आहेत. तिथे वृक्ष हा वृक्ष आहे, या हंटिंग्टन यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु इतर काही लेखांत तेच 'भगवतो' हे रूप क्रियापदाशी जोडलेले आहे : अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो, नागराज एरापत भगवंतांना वंदन करतो. मराठीत एका ठिकाणी 'भगवंतांचा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'भगवंतांना' म्हणावे लागेल. प्राकृतात एकच रूप दोन्ही कामे करते. नामलेखातील या एका रूपात जे घडते तेच शिल्पातील एका आसनात घडते. 'ज्याचे आहे तो' आणि 'ज्याला उद्देशून आहे तो' हे दोन्ही संबंध ते एकत्र धारण करते.

अजातशत्रूच्या पटाची कथाही अर्थपूर्ण आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात हा राजा रात्री हत्तींच्या लवाजम्यासह जीवकाच्या आम्रवनात येतो. भिक्षुसंघ नि:शब्द बसलेला असतो. राजा जीवकाला विचारतो, यांत भगवान कोणते? जीवक उत्तर देतो ते स्थानाच्या भाषेत : मधल्या खांबाशी, पूर्वेकडे तोंड करून, संघासमोर बसले आहेत ते. बुद्धाच्या मुद्रेवरून, देहकांतीवरून किंवा वेषावरून राजाला तो ओळखता येत नाही. तो ओळखला जातो जागेवरून. आता भारहुतचा पट पाहावा. राजा हत्तीवरून येतो, उतरतो, आणि छत्राखालील रिकाम्या आसनासमोर, पादुकांच्या ठशांशी गुडघे टेकतो. शिल्पकाराने सुत्ताचे 'भाषांतर' करताना काही गाळले आहे असे म्हणवत नाही. जीवकाच्या उत्तरात जे होते तेवढे सगळे त्याने दाखवले आहे.

सांचीचा गृहत्यागाचा पट याहून निर्णायक आहे. पूर्व तोरणाच्या मधल्या आडव्या तुळईवर डावीकडे कपिलवस्तू नगर आहे. वेशीतून कंथक घोडा बाहेर पडतो. टापांचा आवाज होऊ नये म्हणून यक्षांनी त्याचे खूर हातांवर तोलले आहेत. शेजारी छन्न छत्र धरून चालला आहे. घोड्यावर कोणी नाही. हीच आकृती उजवीकडे सरकत चार वेळा पुन्हा येते. प्रवासाचे अंतर पुनरावृत्तीने मोजले जाते. देहेजिया ज्याला निरंतर कथन म्हणतात त्याचे हे उत्तम उदाहरण होय. उजव्या टोकाला छत्राखाली दोन पावलांचे ठसे आहेत. राजपुत्र तिथे पायउतार झाला आहे. आणि खालून घोडा परत फिरला आहे, कपिलवस्तूकडे. त्याच्यावरही कोणी नाही. पण आता त्याच्यावर छत्रही नाही.

या पटात बिनस्वाराचे घोडे दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांतला फरक लहान मुलालाही कळतो. जाणारा घोडा रिकामा दिसतो, पण रिकामा नाही. परतणारा घोडा मात्र खरोखर रिकामा आहे. पटातले सारे दु:ख त्याच्या वाट्याला आले आहे. शिल्पात केवळ 'बुद्ध न दाखवण्याचा' संकेत असता तर हा भेद करणे शक्यच नव्हते. येथे अनाकृतीलाही उपस्थिती आणि अनुपस्थिती असे दोन परस्परविरोधी अर्थ देणारी पूर्ण व्यवस्था आहे, आणि त्यांतला भेदक घटक छत्र हा आहे. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर अर्थ वस्तूत नाही, भेदात आहे. हा देखावा उत्सवातील मिरवणुकीचा मानला तरी निष्कर्ष बदलत नाही. मिरवणुकीतही छत्र धरलेला घोडा आणि न धरलेला घोडा यांत हाच भेद राहील. पण घोडा हे काही तीर्थस्थळ नव्हे. त्यामुळे 'ही केवळ स्थळपूजेची चित्रे' हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

४

हा धागा पकडण्यासाठी पाश्चात्त्य चिन्हमीमांसेइतकीच भारतीय शब्दशक्तिविचाराची मदत होते. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर वस्ती आहे असे म्हटले की मुख्यार्थाला बाध येतो. सान्निध्याच्या संबंधाने तीर हा अर्थ लागतो. आणि 'तीरावर' असे सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हणण्याचे प्रयोजन असते शीतलतेची, पावित्र्याची प्रतीती. 'अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो' हा लेख आणि त्याखालचे आसन यांत मुख्यार्थाचा बाध उघड आहे. संबंधही उघड आहे : आसन त्याने वापरले, पाऊल त्याने उमटवले, वृक्षाखाली तो बसला. आतापर्यंतच्या बहुतेक उपपत्ती या दोन अटींपाशीच थांबल्या. तिसरी अट तशीच राहिली. फूशे यांच्या मांडणीत ही सारी लक्षणा रूढीची ठरते, निव्वळ सवयीची. तिचे प्रयोजन काय, हे विचारायचे राहून गेले.

बौद्ध परंपरेने स्वत:च या संबंधांचे एक वर्गीकरण केलेले आहे. कालिंगबोधि-जातकाच्या प्रास्ताविकात आनंदाचा प्रश्न येतो : भगवान बाहेरगावी असताना जेतवनात आलेल्या लोकांनी फुले कोठे वाहावीत? उत्तरात तीन प्रकारची चैत्ये सांगितली आहेत : शारीरिक, म्हणजे धातूंवरील, पारिभोगिक, म्हणजे त्याने वापरलेल्या वस्तूंची, आणि उद्देशिक, म्हणजे केवळ त्याला उद्देशून केलेली. यांपैकी पहिले परिनिर्वाणानंतरच संभवते. तिसऱ्याला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनाचे, असे म्हणून बाजूला ठेवले आहे. बोधिवृक्ष मात्र बुद्ध हयात असताना आणि नंतरही चैत्यच. ही गद्य कथा आज ज्या अट्ठकथेत मिळते ती सांचीच्या तोरणांहून कित्येक शतके उत्तरकालीन आहे. त्यामुळे शिल्पकारांपुढे हाच ग्रंथ होता असे म्हणता येणार नाही. पण तिने सूत्रबद्ध केलेली दृष्टी शिल्पात आधीच कार्यरत दिसते. चार्ल्स सँडर्स पर्स याने चिन्हांचे जे प्रकार केले त्यांत साम्यावर आधारलेले प्रतिमाचिन्ह आणि प्रत्यक्ष संबंधावर आधारलेले निर्देशचिन्ह असा भेद आहे. धूर अग्नीसारखा दिसत नाही, पण अग्नीवाचून तो नसतो. या भाषेत सांगायचे तर कालिंगबोधि-जातक निर्देशाला साम्याच्या वर बसवते. उमटलेले पाऊल हे कोरलेल्या चेहऱ्याहून अधिक विश्वसनीय, कारण चेहरा कल्पनेने करता येतो, पाऊल मात्र पडावे लागते.

मग प्रयोजन कोणते? शिल्पासमोर उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला तर ते दिसू लागते. सांचीला आलेल्या यात्रेकरूपुढे काय होते? एक मोठा अंड, त्यावर हर्मिका, यष्टी आणि छत्रे. आत धातू, बाहेर आकृती नाही. तो त्याला प्रदक्षिणा घालीत होता, फुले वाहत होता, हात जोडत होता. तोरणाच्या खांबावर त्याला दिसत होते ते काय? वृक्षासमोर, आसनासमोर, स्तूपासमोर प्रदक्षिणा घालणारी, फुले वाहणारी, हात जोडणारी माणसे. शिल्पातील राजा आणि शिल्पाबाहेरचा यात्रेकरू या दोघांचीही अवस्था एकच आहे. तिथे बुद्धाची आकृती कोरली असती तर पट भूतकाळाचा झाला असता : राजाला दर्शन घडले, यात्रेकरूला घडले नाही, राजा भाग्यवान, यात्रेकरू उशिरा आलेला. रिकाम्या आसनाने हे अंतर मिटवले. अजातशत्रूला जितके दिसले तितकेच विदिशेहून आलेल्या दंतकारालाही दिसते. उशिरा आलेल्याचे उणेपण काढून घेणे हे या लक्षणेचे प्रयोजन होय.

हे मान्य केले की देहेजियांनी नोंदवलेले तीन अर्थ आपोआप एकत्र येतात. प्रसंग, स्थळ आणि पूजा हे तीन अर्थ एका चिन्हात योगायोगाने जमलेले नाहीत. प्रसंगाला स्थळात आणि स्थळाला पूजेत संक्रांत करणे हेच त्या चिन्हाचे कार्य आहे. जातकांतील बोधिसत्त्व साकार का, याचाही उलगडा होतो. त्या कथा सांगण्या-ऐकण्याच्या आहेत. वानरराजाचे आसन सांचीच्या यात्रेकरूला पुजायचे नव्हते, त्याच्या धातूंना प्रदक्षिणा घालायची नव्हती. जिथे प्रेक्षकाला आत घ्यायचे आहे तिथेच जागा मोकळी ठेवलेली आहे.

सांचीच्या लेखांतूनही या वाचनाला आधार मिळतो. दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी रूपकर्म केल्याचा लेख आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. स्तूपाच्या परिसरात भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ, व्यापारी आणि कारागीर यांची नावे शेकड्यांनी कोरलेली आढळतात. बुद्धाची आकृती टाळणारी ही वास्तू सामान्य दात्याचे नाव मात्र आवर्जून नोंदवते.

५

चिन्ह हे मूर्तीचे बदली रूप असते तर मूर्ती आल्यावर ते मावळायला हवे होते. इतिहास तसे सांगत नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत गांधार आणि मथुरा येथे मूर्ती घडल्या, कनिष्काच्या नाण्यावर बुद्धाची आकृती ग्रीक लिपीतील नावासह आली. तरी अमरावतीत रिकामे आसन आणि मूर्ती ही दोन्ही दीर्घकाळ शेजारी नांदली. अमरावतीचा एक शिलापट्ट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याची एक बाजू इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची. तिच्यावर बोधिवृक्षाखालच्या रिकाम्या आसनाची पूजा आहे. सुमारे तिसऱ्या शतकात तोच दगड उलटून दुसऱ्या बाजूवर नवे शिल्प कोरले गेले. त्यात स्तूपाच्या प्रवेशाशी बुद्ध उभा आहे. एका दगडाच्या दोन बाजू पाहून 'अपूर्णाकडून पूर्णाकडे' अशी प्रगतीची कथा रचण्याचा मोह होतो. पण नव्या बाजूवरही स्तूप आहेच, आणि पट्टाचा बहुतांश भाग त्यानेच व्यापला आहे.

महाराष्ट्रात हाच इतिहास एका दरीत वाचता येतो. अजिंठ्याचे दहावे लेणे इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतले. त्यातील स्तूप साधा, अनलंकृत आहे आणि भिंतीवरील जुन्या चित्रांत राजपरिवार बोधिवृक्षाची पूजा करतो. एकोणिसावे आणि सव्विसावे ही चैत्यगृहे पाचव्या शतकातली. तिथे स्तूपाच्या दर्शनी बाजूवर बुद्ध प्रकट झाला आहे, एकात उभा, दुसऱ्यात पाय खाली सोडून बसलेला. मात्र स्तूप हटवलेला नाही, आणि त्याच्यामागची प्रदक्षिणेची वाटही बुजवलेली नाही. प्रदक्षिणा करणारा मूर्तीसमोरून निघतो, वळतो आणि मूर्ती त्याच्या नजरेआड होते. काही पावले केवळ स्तूपाचा घेर सोबत असतो. मग तो पुन्हा मूर्तीसमोर येतो. दिसणे आणि न दिसणे हे दोन्ही एकाच विधीचे टप्पे बनले आहेत. मूर्तीने चिन्हाचा पराभव केला असे हे दृश्य नाही. चिन्हाने मूर्तीला आपल्या व्यवस्थेत जागा दिली, असेच म्हणावे लागते.

६

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत सूक्ष्म आविष्कार भारताबाहेर, मध्य जावातील बोरोबुदुर येथे आहे. शैलेंद्र राजवटीत, आठव्या-नवव्या शतकांत ही वास्तू उभी राहिली. १८१४ मध्ये रॅफल्स यांच्या प्रयत्नाने तिच्याकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष गेले. युनेस्कोच्या साहाय्याने झालेला तिचा मोठा जीर्णोद्धार १९८३ मध्ये पूर्ण झाला. तिच्यावर १४६० कथाशिल्पे आणि मूळच्या ५०४ बुद्धमूर्ती आहेत. मूर्तीचा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. प्रतिमांची टंचाई मुळीच नव्हती. तरीही ही वास्तू शेवटी कोठे नेते ते पाहण्यासारखे आहे.

खालच्या चौकोनी वीथ्यांमध्ये कथा दाटून आहेत. पहिल्या वीथीच्या भिंतीवरील वरच्या रांगेत ललितविस्तराचे १२० पट आहेत. येथे बुद्धाचे चरित्र साकार आहे, आणि गृहत्यागाच्या पटात घोड्यावर राजपुत्र आहे. तुषित स्वर्गापासून सुरू झालेले हे चरित्र पहिल्या प्रवचनाशी थांबते. महापरिनिर्वाण त्यात नाही. पुढच्या वीथ्यांतील ४६० पट गंडव्यूहाला वाहिलेले आहेत. सुधन हा श्रेष्ठिपुत्र एका कल्याणमित्राकडून दुसऱ्याकडे जात राहतो. पन्नासहून अधिक भेटी, जवळजवळ सारख्या रचनेच्या. या पटांत नाट्य नाही, ते एकसुरी आहेत, असा आक्षेप घेता येईल. पण हा एकसुरीपणा चालणाऱ्याच्या पावलांशी जुळलेला आहे. सुधन चालतो आहे आणि वाचकही चालतो आहे. कथेतील घटना विरळ होत जातात आणि चालणे तेवढे उरते.

मग एकाएकी भिंती संपतात. वरच्या तीन वर्तुळाकार गच्च्यांवर कथाशिल्प नाही. तिथे ३२, २४ आणि १६ अशा क्रमाने ७२ जाळीदार स्तूप आहेत आणि प्रत्येकात एक बुद्ध बसलेला आहे. खालच्या दोन गच्च्यांवरील जाळी तिरक्या चौकटींची, सर्वांत वरची सरळ चौकटींची. डोळा लावला तर खांदा दिसतो, हात दिसतो, चेहऱ्याचा अंश दिसतो. पूर्ण मूर्ती एका नजरेत येत नाही. आणि मध्यभागी मुख्य स्तूप आहे, त्याला जाळीही नाही. चेहरा, मग झरोक्यातून चेहऱ्याचा भास, मग बंद घुमट : सांचीला जिथून प्रारंभ झाला होता तिथे बोरोबुदुर आपल्या माथ्यावर पोहोचते. सांचीला मूर्ती नव्हती म्हणून ती दाखवली नाही असे म्हणण्याची सोय कदाचित होती. बोरोबुदुरला ५०४ मूर्ती घडवून झाल्यावर नजरेपासून त्या पुन्हा मागे घेतल्या आहेत. चिन्हाच्या या मार्गाला 'प्राथमिक अवस्था' म्हणण्याची सोय येथे संपते.

विसाव्या शतकातील अभ्यासकांनी या वास्तूचे कामधातू, रूपधातू आणि अरूपधातू असे त्रिखंडी वाचन रूढ केले. तळाचे, नंतर दगडी पायाखाली झाकले गेलेले कर्मविभंगाचे १६० पट म्हणजे कामधातू, वीथ्या म्हणजे रूपधातू, गच्च्या म्हणजे अरूपधातू. हे वाचन सुबक आहे. पण पुन्हा तोच कोश उघडला जातो. वास्तूला तीन मजल्यांची नावे मिळाली की चढण्याची क्रिया अर्थशून्य होते. खालून छायाचित्र पाहूनही तेच उत्तर मिळते. या वास्तूचा अर्थ मात्र क्रमाने घडणाऱ्या अनुभवात आहे : वीथीत भिंतींमुळे बाहेरचे जग दिसत नाही, गच्चीवर येताच चारी दिशा मोकळ्या होतात आणि त्याच क्षणी प्रतिमा मात्र झाकली जाते. मोकळे होणे आणि झाकले जाणे यांची ही एककालिकता कोणत्याही नामाभिधानात सामावत नाही.

पूर्व आशियात स्तूपाचे छत्र अनेक छपरांचे झाले आणि पॅगोडा उभा राहिला. जपानमधील होर्युजीच्या पाच मजली मनोऱ्यात मध्यस्तंभ तळापासून शिखरापर्यंत जातो, आणि त्या स्तंभाच्या पायथ्याशी, जमिनीखाली, धातू ठेवलेले आहेत. बाह्य रूपात सांचीशी कोणतेच साम्य उरलेले नाही. तरीही पाहणाऱ्याची स्थिती बदललेली नाही. जे महत्त्वाचे आहे ते दिसत नाही; ते कोठे आहे, हे मात्र कळते. साम्य आकाराचे नसून व्याकरणाचे आहे.

७

या चर्चेला मराठी भाषकांच्या दृष्टीने केवळ पुरातत्त्वाचे मोल नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर ही चिन्हे महाराष्ट्रात पुन्हा जिवंत व्यवहारात आली. जेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले त्या दादरच्या चैत्यभूमीवर स्तूप आहे आणि सांचीच्या धर्तीचे तोरण आहे. २००१ मध्ये उद्घाटन झालेला दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. त्यात प्रवेश करता येतो. प्राचीन स्तूप भरीव असे, त्याला बाहेरूनच प्रदक्षिणा घालावी लागे. येथे माणूस आत जातो, अस्थींच्या समोर उभा राहतो. चिन्हाचे व्याकरण जिवंत असले की ते असे नवे वाक्य बनवते. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या समुदायाजवळ बाबासाहेबांची छायाचित्रे असतात, पुतळे असतात; चेहऱ्याची टंचाई कोणालाच नाही. तरीही लोक त्या एका जागेपाशी येतात, कारण जागा दुसरीकडे छापून मिळत नाही. शारीरिक आणि पारिभोगिक या जुन्या संज्ञांचा अर्थ तेथे टीपेविना समजतो.

आंबेडकरी कवितेतील बोधिवृक्ष, चक्र, स्तूप यांची संभावना 'ठरावीक प्रतीके' म्हणून करणाऱ्या समीक्षेने या संदर्भात आपली हत्यारे तपासून पाहायला हवीत. त्या कवितांत ठरावीकपणा नसतोच असे नाही. पुष्कळदा तो असतो, आणि तो दाखवला पाहिजे. पण निकष कोणता लावायचा? बोधिवृक्ष 'कशाचे प्रतीक आहे' एवढेच विचारले तर उत्तर नेहमीच ठरावीक येईल, कारण प्रश्नच ठरावीक आहे. त्याऐवजी ही कविता वृक्षाखाली कोणासाठी जागा मोकळी ठेवते, वाचकाला ती कोठे उभे करते, तिच्यातील घोड्यावर छत्र आहे की नाही, असे विचारले तर सरस आणि नीरस कवितांमधला भेद स्वच्छ दिसू लागेल. जिथे चिन्ह कोशातल्या अर्थाने आधीच भरून गेले आहे तिथे वाचकाला प्रवेश नाही.

सांचीच्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी दोन बिनस्वाराचे घोडे कोरले आणि त्यांतला भेद एका छत्राने सांगितला. जो भेद त्यांच्या समोरून जाणाऱ्या निरक्षर यात्रेकरूला कळत होता तो अनुपस्थितीच्या शास्त्रीय चर्चेत पुष्कळदा हरवला. चिन्हाला अर्थ असतो हे खरे. पण त्याआधी त्याला एक जागा असते, आणि त्या जागेसमोर कोणीतरी उभे असते. त्या उभ्या असलेल्या माणसाला वगळून केलेले कोणतेही अर्थनिर्णयन, ते दगडाचे असो वा कवितेचे, परतणाऱ्या घोड्यासारखे असते. त्याच्यावरचे छत्र निघून गेलेले असते.